आधी दुरुस्ती की आधी कुलूप?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूर आणि चेलाडी फाटा मागे पडतो, आणि नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यात महामार्गालगत कामथडी लागतं. भोर तालुक्यातलं हे गाव मुंबई-बंगळूर महामार्गावरचं. अशा मोठ्या महामार्गांच्या कडेने जमिनीखाली प्लास्टिकच्या नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून लांब पल्ल्याच्या फायबर केबली एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात. पण उंबऱ्यासमोरून केबल गेली म्हणून घरात इंटरनेट येत नाही. त्यासाठी कुठेतरी ओएलटी नावाचं यंत्र बसवावं लागतं. त्यातून निघणारी एक फायबर खांबाखांबावरून न्यावी लागते, वाटेत स्प्लिटर लावून तिच्या फांद्या कराव्या लागतात आणि प्रत्येक घरात एक ओएनटी, म्हणजे लोकांच्या भाषेत मोडेम, ठेवावा लागतो. या शेवटच्या काही किलोमीटरच्या जाळ्याला ॲक्सेस नेटवर्क म्हणतात. गावाचा अनुभव चांगला की वाईट, ते इथेच ठरतं.

या जाळ्याबद्दल दोन मतं नेहमी एकमेकांवर आदळतात. एक म्हणतं, आधी चालू तर राहू दे. दुसरं म्हणतं, आधी सुरक्षित करा. ही दोन्ही मतं मी खाली दोघांच्या तोंडी घातली आहेत. मामा म्हणजे या पट्ट्यात आधी टीव्हीची केबल आणि आता फायबर पुरवणारा माणूस. भाची कामथडीची, पुण्यातल्या कंपनीत नेटवर्क सुरक्षेचं काम करते, बऱ्याचदा घरूनच. ही कुणी खरी माणसं नाहीत. मतं मात्र खरी आहेत, आणि ती मांडणारी माणसं भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही बाजारगावात भेटतील.

भाची: मामा, तुम्ही जोडलेल्या प्रत्येक घरात वायफायचा पासवर्ड म्हणजे त्या घराचा मोबाईल नंबर. मोडेमच्या आतलं लॉगिन ॲडमिन, त्याचा पासवर्डही ॲडमिन. वर बाहेरून लॉगिन करायची सोय सगळ्या मोडेमवर चालू.

मामा: ती मीच चालू ठेवलीय. रात्री दहाला फोन येतो, नेट बंद आहे. मी घरी बसून मोडेम उघडून बघतो, सेटिंग गेलं असलं तर परत टाकतो, पाच मिनिटांत काम होतं. ती सोय बंद केली तर भर पावसात गाडी काढून मला त्या वाडीवर जावं लागेल. तुमच्या कंपनीत तीन पाळ्यांत माणसं बसतात. इथे मी आणि हाताखाली एक पोरगा.

भाची: तुम्हाला जी सोय उघडी, ती सगळ्या जगाला उघडी. ॲडमिन-ॲडमिन हा जगातला सगळ्यांत आधी वापरून बघितला जाणारा पासवर्ड आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर मालवेअर आलं होतं. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता नेमके त्यांचेच मोडेम बंद पडले. पासवर्ड बदला, असं कंपनीला लोकांना जाहीर सांगावं लागलं.

मामा: मोडेम बंद पडला तर मी दुसरा लावीन. त्यात चोरीला काय गेलं? इथल्या माणसाच्या मोडेममध्ये आहे काय? बँकेचं ॲप आपलं कुलूप आपणच घेऊन येतं, हे तूच मला सांगितलं होतंस.

मामांचा हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आज बँक, सरकारी पोर्टल, व्हॉट्सॲप या सगळ्यांची देवाणघेवाण मोबाईलपासून थेट त्यांच्या सर्व्हरपर्यंत सांकेतिक रूपात होते. मधल्या तारेवर बसून कुणी ऐकलं तरी त्याला अर्थ लागत नाही. म्हणूनच अनेक लहान चालकांना वाटतं की सुरक्षा हे बँकेचं काम, आपलं काम प्रकाश पोचवणं. पण मोडेम हे तारेपेक्षा वेगळं प्रकरण आहे. तो एक छोटा संगणक आहे, चोवीस तास चालू असलेला, आणि त्याच्याकडे घरातलं कुणी बघत नाही.

भाची: चोराला तुमच्या ग्राहकाचं काही नको असतं, मामा. त्याला त्याचा मोडेम हवा असतो. २०१६ मध्ये मिराय नावाचं मालवेअर असंच पसरलं. मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राउटर शोधायचे, त्यांत शिरायचं आणि सगळ्यांना मिळून एकाच ठिकाणी मारा करायला लावायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच माऱ्याने अमेरिकेतली डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, पुरवणारी डाइन ही कंपनी कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कित्येकांना उघडता येईनात. मग २०१८ च्या मे महिन्यात तर घरगुती जीपॉन राउटरमध्येच, म्हणजे फायबरच्या मोडेममध्येच, खोट सापडली. पत्त्याच्या शेवटी काही अक्षरं जोडली की पासवर्ड न विचारताच आत. लगेच मालवेअरवाले त्यावर तुटून पडले.

मामा: अमेरिकेतलं मला सांगू नकोस. कामथडीत त्याने काय होतं ते सांग.

भाची: कामथडीत नेट स्लो होतं. तुमच्या वीस मोडेमनी रात्री कुणाच्या तरी हुकमावरून मारा सुरू केला, तर तुमच्या ओएलटीतून पुण्याकडे जाणारी वाट त्यांनीच भरून जाते. ग्राहक तक्रार करतो. तुम्ही पॉवर मीटर लावता, पॉवर बरोबर येते. मग तुम्ही सांगता की पुण्यातूनच स्लो आहे. ते पुण्यातून नसतं, तुमच्याच खांबांवरून गेलेलं असतं.

हे बोलणं मामांना लागतं, कारण वेगाची तक्रार हाच त्यांचा रोजचा डोकेदुखीचा विषय. स्प्लिटरने एक फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीला जीपॉन म्हणतात. तिच्या एका फायबरवर घराकडे येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट आणि घराकडून जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट. तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७५ मेगाबिटहून थोडं जास्तच येतं, आणि असं एकाच क्षणी कधी होत नाही. म्हणजे खांबावरची काच कमी पडत नाही. कमी पडते ती पुढची वाट: ओएलटीपासून शहरापर्यंत भाड्याने घेतलेली. गर्दीच्या वेळी कुठल्याही दुव्याचा वापर ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांतच सांगितलं होतं. तो दुवा किती भरलाय हे ग्राहकाला कधी कळत नाही. खरं तर ते बिलावर छापायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मामा: बरं, ते मान्य. पण तू मला सांग, माझं नेट वर्षातून सगळ्यांत जास्त वेळा कुणी बंद पाडलं? मालवेअरने नाही. जेसीबीने. रस्ता रुंद करायला जेसीबी, पाण्याची पाईप टाकायला जेसीबी, कुणाच्या प्लॉटला कंपाउंड घालायला जेसीबी. तुझ्या सुरक्षेच्या पुस्तकात जेसीबीचं नाव आहे का?

भाची: आहे. सेवा बंद पाडणं हाही हल्लाच. मुद्दाम केलेला असो की चुकून.

इथे सरकारी आकडा मामांच्या बाजूने उभा राहतो. २२ मार्च २०२३ ला केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं, तेव्हा दूरसंचार विभागानेच सांगितलं होतं की बेफिकीर खोदाईमुळे देशात दरवर्षी फायबर सुमारे १० लाख वेळा तुटते आणि त्यातून सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं. खोदणाऱ्याने आधी ॲपवर जागा नोंदवायची, जमिनीखाली ज्यांची केबल असेल त्यांना सूचना जाते, असा बेत. बेत चांगला आहे. पण गावातल्या जेसीबीवाल्याला तासाच्या भाड्यावर बोलावलेलं असतं, आणि ज्या लहान चालकाची केबल खाली आहे तिची नोंद कुठल्याच नकाशावर नसते. नकाशात नसलेल्या केबलची सूचना जाणार कुणाला?

केबल तुटल्यावर काय करावं लागतं ते ज्याने जवळून पाहिलंय, तो मामांच्या वैतागाला हसणार नाही. चोवीस फायबरची केबल असली तर खड्ड्याच्या कडेला ताडपत्री अंथरून, दोन्ही टोकं सोलून, आतल्या नळ्या कापून, जेली पुसून काढावी लागते. मग एकेक धागा हाती येतो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा असा रंगांचा क्रम ठरलेला असतो. निळ्याला निळाच लागला पाहिजे. रंगाचं आवरण उतरवलं की उरते ती १२५ मायक्रॉन जाडीची काच, आणि प्रकाश ज्यातून जातो तो तिचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. ती काच अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने अगदी काटकोनात तोडायची, स्प्लायसिंग मशीनच्या दोन खाचांत ठेवायची. मशीन पडद्यावर दोन्ही टोकं मोठी करून दाखवतं, सरळ रेषेत आणतं आणि विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतं. जोड चांगला बसला तर पडद्यावर ०.०२ किंवा ०.०३ डीबी, म्हणजे डेसिबल, असा तोटा दिसतो. वाऱ्याने धूळ आली, हात ओला असला, तर तोच आकडा दहापट होतो आणि जोड तोडून पुन्हा करावा लागतो. असं चोवीस वेळा. वरून पाऊस आणि खिशात वाजणारा फोन.

मामा: आणि तो फोन कुणाचा असतो? सेवा केंद्रवाल्याचा. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बायका मजुरी बुडवून रांगेत बसलेल्या. सातबारा, दाखले, पीक विमा, सगळं आता त्याच वायरवर आलंय. त्या दिवशी नेट बंद पडलं तर त्या बाईचा दिवस जातो. तिला तू सांगणार का, की पासवर्ड मजबूत आहे, काळजी करू नका?

भाची: नाही सांगणार. पण त्या सेवा केंद्राच्या संगणकावर अख्ख्या गावाची आधारची कागदपत्रं, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि बँकेचे व्यवहार असतात. त्याचा मोडेम ॲडमिन-ॲडमिनवर असेल, आणि कुणी आत शिरून त्याचं डीएनएस बदललं, तर पोर्टलचा बरोबर पत्ता टाकूनही भलतीच साइट समोर येऊ शकते. ब्राउझर लाल इशारा देईल. रांग लागलेली असताना तो इशारा कोण वाचतो? बहुतेक वेळा 'पुढे जा' दाबलं जातं. मग त्या बाईचा दिवस नाही, पैसेच जातील.

दोघांनाही ती एकच बाई डोळ्यांसमोर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. नेट चालू हवं ते तिच्यासाठी आणि सुरक्षित हवं तेही तिच्यासाठी. भांडण फक्त क्रमाचं आहे.

सरकारी जाळ्याची कथाही क्रमावरच अडली: आधी केबल, देखभालीचं नंतर बघू. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं. तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची, असा तो कार्यक्रम. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यातल्या एक लाखावर ग्रामपंचायती जोडल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारने महानेट या नावाने स्वतःकडे घेतलं. पण मूळ आखणी एकाच सरळ रेषेची होती. वाटेत कुठेही केबल तुटली की तिथून पुढची सगळी गावं अंधारात. भोरच्या पश्चिमेला किंवा वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, पावसाळ्यात दरड येते, झाड पडतं, रस्ता वाहून जातो. तिथे सरळ रेषेची केबल टाकणं म्हणजे तुटण्याची वाट बघणं. ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला आणि त्यात वलयाकार रचना आणली. एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. दहा वर्षांची देखभालही करारातच धरली. हे बारा वर्षांनी सुचलं. देखभाल ही मूळ कामाचाच भाग आहे हे समजायला इतका काळ लागायला नको होता.

मामा: वलय वगैरे सरकारला परवडतं. माझ्याकडे एक केबल, त्यातल्या दोन फायबर चालू, बाकी कशा पडल्यात देव जाणे.

भाची: हेच मला विचारायचं होतं. त्या आंब्याच्या झाडाजवळच्या खांबावर तुमचा डबा आहे, तारेने बांधलेला, झाकण उघडं. त्यात किती स्प्लिटर आहेत?

मामा: एक. आठचा.

भाची: मी बघितलं. आठच्या एका पायाला पुढे दोनचा स्प्लिटर जोडलाय.

मामा: तो मी नाही लावला.

भाची: मग कुणी लावला?

मामा गप्प बसतात, कारण खरंच माहीत नसतं. आधी कामाला असलेल्या पोराने घाईत लावला असेल, किंवा शेजारच्या दुसऱ्या चालकाने. आता त्याचं गणित बघा. ओएलटीतून प्रकाश निघतो तो साधारण प्लस ४ डीबीएम. पहिला आठचा स्प्लिटर सुमारे साडेदहा डीबी खातो, दुसरा आठचा तेवढेच. म्हणजे २१ तिथेच गेले. पाच किलोमीटर फायबर दीड डीबीच्या आसपास, जोड आणि कनेक्टर मिळून दोन. घरात पोचतात ते मायनस २०-२१. ओएनटी मायनस २७ पर्यंत तग धरतो, म्हणजे हातात सहा-सात डीबी शिल्लक. दोनचा चोरटा स्प्लिटर आला की त्या पायावरच्या घरांचे आणखी साडेतीन गेले. तीन डीबी म्हणजे प्रकाश निम्मा, हे लक्षात ठेवायचं. मग उन्हाळ्यात सगळं ठीक चालतं. पहिल्या पावसात एखाद्या जोडात पाणी शिरतं, कुणी ड्रॉप केबल खिळ्याला आवळून गुंडाळतं, कनेक्टरवर धूळ बसते, आणि मायनस २७ ची रेघ ओलांडली जाते. मोडेमवरचा लाल दिवा लुकलुकू लागतो. माणूस म्हणतो, पावसाने नेट गेलं. पाऊस निमित्त होता. घर आधीच काठावर बसलेलं होतं, आणि ते कुणी वहीत लिहिलं नव्हतं.

काच मात्र निर्दोष आहे, हे सांगायला हवं. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की किलोमीटरला २० डीबीपेक्षा कमी तोटा असलेली काच बनली तर प्रकाशातून संदेश लांबवर जाऊ शकेल. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आज किलोमीटरला ०.२ डीबीची फायबर सर्रास मिळते, आणि तशी फायबर आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांतही तयार होते. एवढी शुद्ध काच आणून आपण ती उघड्या डब्यात, तारेने बांधून ठेवतो.

मामा: डब्याला कुलूप लावीन. त्याने तुझी सुरक्षा झाली?

भाची: बरीचशी. जीपॉनमध्ये ओएलटीकडून येणारा प्रकाश स्प्लिटरमधून सगळ्या घरांत जातो. माझा डेटा शेजारच्या ओएनटीपर्यंतही पोचतो, फक्त तो त्याला उलगडता येत नाही, कारण एईएस-१२८ ने सांकेतिक केलेला असतो. त्याची किल्ली माझा ओएनटी वरच्या दिशेने ओएलटीला पाठवतो, आणि ती उघडीच जाते. मानकांनी गृहीत धरलंय की वरच्या दिशेचा प्रकाश शेजाऱ्याला दिसत नाही. ते खरंही आहे. पण डबा उघडा असेल आणि कुणी त्या फायबरवरच यंत्र लावलं, तर ते गृहीतकच उरत नाही. आणि तुमच्याकडे जुन्या भागात जीपॉनऐवजी ईपॉन ही दुसरी पद्धत आहे. स्वस्त मिळतं म्हणून घेतलेलं. त्यात सांकेतिक करणं चालू आहे की नाही हे तुम्ही कधी तपासलंय?

मामा: ओएलटीवाल्याने बसवून दिलं, तसं चालवतोय. पण एक गोष्ट मी तुला सांगतो जी तुझ्या पुस्तकात नसेल. मागे एकदा एका लाईनवरची सगळी घरं एकदम बंद. पॉवर बरोबर, केबल बरोबर. एक ओएनटी बिघडला होता, सारखा प्रकाश टाकत बसायचा.

हा अनुभव या धंद्यातल्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा येतो. घराकडून ओएलटीकडे जाताना सगळ्या ओएनटींना एकच फायबर वापरायची असते, म्हणून ओएलटी प्रत्येकाला बोलायची वेळ ठरवून देतो, सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यांत. कालव्याची पाणीपाळी असते तसंच: आपल्या पाळीला दार उघडायचं, वेळ संपली की बंद करायचं. एकाने दार उघडंच ठेवलं की खालच्या सगळ्यांची पाळी बुडते. बिघडलेला ओएनटी असा सारखा प्रकाश टाकू लागला की सगळ्या शाखेचं बोलणं एकमेकांत मिसळतं. त्याला शोधायचा जुना उपाय एकच, खांबावर चढून स्प्लिटरचे पाय एकेक काढायचे आणि कोणता काढल्यावर बाकीचे परत येतात ते बघायचं.

भाची: ते माझ्या पुस्तकात आहे, मामा. त्याला इंग्रजीत 'रोग', म्हणजे बेबंद, ओएनटी म्हणतात. कुणी मुद्दाम केला तर तो हल्ला, आपोआप झाला तर बिघाड. खांबावरचं काम दोन्ही वेळा तेच. तुम्हाला किती वेळ लागला शोधायला?

मामा: दुपारपासून रात्र झाली. कुठला पाय कुठल्या घराला जातो, ते लिहिलेलं नव्हतं.

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. मामांना दुरुस्तीसाठी जे हवं, तेच भाचीला सुरक्षेसाठी हवं: कोणत्या खांबावर कोणता स्प्लिटर, कोणता पाय कोणत्या घरी, त्या घरी जोडणीच्या दिवशी किती पॉवर आली, कोणत्या कंपनीचा ओएनटी, त्याचं सॉफ्टवेअर कोणतं, पासवर्ड कोणी कधी बदलला. ही वही असती तर चोरटा स्प्लिटर आला त्या दिवशीच दिसला असता, कारण साडेतीन डीबी कमी झालेले कळले असते. ही वही नसेल तर जगातलं कुठलंही कुलूप कामाचं नाही. आपल्याकडे किती दारं आहेत हेच माहीत नाही.

पुढे दोघांचं सगळंच जुळतं असं नाही. बाहेरून लॉगिन करायच्या सोयीवर ती ठाम आहे.

भाची: घरी बसून दुरुस्ती करा, मी नाही म्हणत नाही. पण ती वाट फक्त तुमच्या ओएलटीच्या आतून ठेवा, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच जाळ्यातल्या वेगळ्या कप्प्यात, तुमच्या एकाच संगणकासाठी. सगळ्या इंटरनेटला नको. आणि वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर नको. महामार्गावर थांबलेला कुणीही, ढाब्याच्या पाटीवरचा नंबर टाकून त्या वायफायवर येऊ शकतो. त्याने तिथून काही फसवणूक केली, तर पोलीस ढाबेवाल्याकडे येतील. त्यातही तुम्ही अनेक घरांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवलंय. कोणत्या वेळी कोणतं घर, हे सांगायला नोंद हवी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलंय.

मामा: सहा तास! माझा एक माणूस खांबावर, दुसरा खड्ड्यात. तो आदेश लिहिणाऱ्याला इथे एक दिवस पाठवा. व्हीलॅन मला कुणी शिकवलंय का? ज्या कंपनीने ओएनटी विकले ती दोन वर्षांत दुकान बंद करून गेली, नवीन सॉफ्टवेअर देणार कोण? महिन्याचं भाडं पन्नास रुपयांनी वाढवलं तर अर्धे ग्राहक दुसऱ्याकडे जातील.

मामांच्या या बोलण्याला भाचीकडे पूर्ण उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. शेवटच्या मैलाचं ओझं लहान चालकाच्या खांद्यावर आणि नियम मात्र मोठ्या कंपनीच्या मापाचे, हे खरं आहे. सॉफ्टवेअर किती वर्षं मिळेल ते न सांगता ओएनटी विकूच देऊ नयेत. हा धोरणाचा प्रश्न आहे, त्यात मामा काही करू शकत नाहीत. पण ॲडमिन-ॲडमिन बदलायला, डब्याला कुलूप लावायला आणि वही ठेवायला धोरण लागत नाही. क्रम विचाराल तर माझं मत असं: आधी वही, मग पासवर्ड, मग बाकीचं. दुरुस्ती लवकर होते तीही वहीमुळेच, म्हणून मामांनाही यात तोटा नाही.

आणि हे काम एकट्या मामांचं नाही. रस्त्याकडेच्या सार्वजनिक जागेतून केबल टाकायची तर परवानगी घ्यावी लागते. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांपासून अर्जासोबत मार्गाचा तपशील देणं बंधनकारक आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार कायद्याखालचे नवे मार्गाधिकार नियम लागू झाले आहेत. म्हणजे कुणाची केबल कुठून गेली हे विचारणं हा गावाचा हक्क आहे. कामथडी असो की कापूरहोळ, नसरापूर असो की वेल्हे, वर्षातून चार ग्रामसभा होतातच. येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. गावात फायबर चालवणाऱ्या प्रत्येकाकडून केबलचा नकाशा आणि चोवीस तास उचलला जाणारा एक फोन नंबर लेखी मागा. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि गावात जेसीबी लावणाऱ्याला आधी तो बघायला सांगा. सेवा केंद्राच्या मोडेमचा पासवर्ड बदललाय का हे सरपंचांनी स्वतः विचारावं. आणि घरी परतल्यावर आपल्या मोडेमच्या मागचं लेबल बघा. त्यावर छापलेलाच पासवर्ड अजून चालत असेल, तर तो आजच बदला.